डिझेल इंजिनची झीज : ऑईलची निवड आणि बाटलीतले 'औषध'

उन्हाळवाही सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातील ट्रॅक्टरला उसंत नसते. एप्रिल-मे मध्ये नांगरट, रोटाव्हेटर आणि शेणखताची वाहतूक, मृगाच्या तोंडावर पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी, पुढे तूर, हरभरा आणि गहू. याच धामधुमीत इंजिन निळा धूर सोडू लागते, ऑईल खाऊ लागते आणि मिस्त्री सांगतो की इंजिन खोलावे लागेल. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकची घासणी आणि मजुरी यांचा खर्च तर होतोच. पण ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडून राहिला आणि तेवढ्यात पाऊस होऊन पेरणीचा वाफसा निघून गेला, तर ते नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही.

म्हणून इंजिनची झीज कमी कशी करावी, हा प्रश्न अकोल्याच्या शिवार फेरीत किंवा गावच्या मेळाव्यात हमखास निघतो. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो : "बाजारात ऑईलमध्ये टाकायची बाटली मिळते, ती टाकली तर इंजिनचे आयुष्य दुप्पट होते म्हणतात. टाकावी का?" याचे उत्तर सुरुवातीलाच सांगणे बरे. टाकू नये. ती बाटली ज्या पैशात येते त्या पैशात झीज थांबविण्याची दुसरी आणि खात्रीची कामे होतात. ती कोणती आणि बाटली का नको, हे समजण्यासाठी इंजिन झिजते कशाने ते आधी पाहू.

झीज कशाने होते?

इंजिनच्या पोटात धातूवर धातू घासू नये म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा थर असतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये भार पडतो त्या जागी हा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा राहतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला डोक्याचा केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. एवढ्याशा थरावर इंजिनचा सगळा भार तोललेला असतो.

हा थर मोडण्याची किंवा निकामी होण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले, धूळ. तेलाच्या थरापेक्षा मोठा आणि लोखंडापेक्षा कठीण कण मध्ये आला की तो पाटा-वरवंट्यासारखे दोन्ही पृष्ठभाग खरवडतो. दुसरे, सुरुवातीची घासण. इंजिन बराच वेळ उभे राहिल्यावर तेल खाली उतरलेले असते आणि चालू करताना पहिले काही फेरे जवळजवळ कोरडे जातात. तिसरे, आम्ल आणि पाणी. डिझेल जळताना पाण्याची वाफ व आम्ले तयार होतात, ती थंड भिंतीवर जमून धातू खातात. चौथे, तेल पातळ होणे. नोझल टपकत असेल किंवा पंपातून डिझेल गळत असेल तर ते खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरते आणि तेलाचा जोर जातो.

चार कारणांपैकी आपल्या भागात सर्वांत जास्त इंजिने पहिल्या कारणाने जातात. त्याकडे पुढे सविस्तर वळू. तत्पूर्वी डब्यावर काय लिहिलेले असते ते पाहू, कारण चुकीचे तेल घातले तर बाकी काळजी व्यर्थ जाते.

डब्यावरचे आकडे

डब्यावर १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० किंवा नुसते ४० असे लिहिलेले असते. हे तेलाच्या जाडपणाचे, म्हणजे दाटपणाचे माप आहे. शेवटचा आकडा इंजिन गरम असताना, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, तेल किती दाट राहते ते सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत ते किती सहज वाहते ते सांगतो. हा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत मोकळे वाहते.

तेल तापले की किती पातळ होते, याची कल्पना नसते. १५डब्ल्यू-४० जातीचे तेल ४० अंशांना जेवढे दाट असते त्याच्या साधारण सातवा-आठवा भाग दाटपणा १०० अंशांना उरतो. एका आकड्याचे साधे तेल याहून अधिक बदलते. दोन आकड्यांच्या तेलात असे द्रव्य मिसळलेले असते की थंडीत ते फार घट्ट होत नाही आणि उष्णतेत फार पातळ होत नाही.

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि थंडीत पहाटे तो १० अंशांच्या आसपास येतो, क्वचित त्याखाली. 'डब्ल्यू'ची चाचणी शून्याच्या बरीच खाली होते. १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू यांतील फरक त्या थंडीतच ठळक होतो, यवतमाळच्या पहाटे तो फारसा जाणवत नाही. आपल्याला महत्त्वाचा तो शेवटचा ४०. बहुतेक ट्रॅक्टर कंपन्या आपल्याकडे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० हेच सुचवितात. माहितीपुस्तिकेत जे असेल ते घ्यावे. दोन्ही दिलेली असतील तर १५डब्ल्यू-४० घेणे बरे, कारण पहाटे चालू करताना ते वरच्या भागापर्यंत जरा लवकर पोचते.

उन्हाळा कडक म्हणून ५० नंबरचे किंवा त्याहून जाड तेल घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिची गरज नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तेलाचे तापमान मुख्यतः रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कामाचा भार यांवर ठरते, बाहेरच्या उन्हावर कमी. जाड तेल चालू करताना उशिरा पोचते, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची झीज आपणच वाढवितो. झिजलेल्या इंजिनात जाड तेल घातल्याने धूर काही दिवस कमी दिसतो, पण झीज तेवढीच राहते. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा भरला असेल तर मात्र कोणत्याही नंबरचे तेल तापणारच. मळणीच्या दिवसांत जाळी रोज झाडावी.

डब्यावरची अक्षरे

आकड्यांपेक्षा अक्षरांकडे शेतकऱ्यांचे लक्ष कमी जाते, आणि तेथेच फसवणूक होते. डब्यावर 'एपीआय' या अक्षरांपुढे तेलाची प्रत लिहिलेली असते. 'एस'ने सुरू होणारी प्रत पेट्रोल इंजिनसाठी व 'सी'ने सुरू होणारी डिझेल इंजिनसाठी. 'सी' नंतरचे अक्षर जसजसे पुढे सरकते तसतशी प्रत नवी व चाचण्या अधिक कडक. सीएफ-४ ही प्रत १९९० मध्ये आली, सीएच-४ ही १९९८ मध्ये, सीआय-४ ही २००२ मध्ये आणि सीके-४ ही २०१६ च्या अखेरीस.

सीसी, सीडी, सीएफ या जुन्या प्रती आता कालबाह्य ठरल्या आहेत, तरी त्यांचे स्वस्त डबे आणि सुटे तेल बाजारात दिसते. ते घेऊ नये. जुन्या ट्रॅक्टरला जुन्याच प्रतीचे तेल लागते ही समजूत बरोबर नाही. वीस-पंचवीस वर्षे जुन्या ट्रॅक्टरला सीएच-४ किंवा सीआय-४ प्रतीचे तेल उत्तम चालते. नव्या ट्रॅक्टरला जुन्या प्रतीचे तेल मात्र चालत नाही. सर्वसाधारण शेतकऱ्याने सीआय-४ च्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. डब्यामागे थोडे जास्त पैसे जातात, पण इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे ते किरकोळ आहेत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले. अशा काही इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. तेलातील राखेने ती तुंबते, म्हणून तेथे कमी राखेचे, सीजे-४ किंवा सीके-४ प्रतीचे तेल लागते. अशा ट्रॅक्टरसाठी माहितीपुस्तिकेबाहेर जाऊ नये.

तेलात आधीच काय मिसळलेले असते?

आता बाटलीचा मुद्दा. चांगल्या डिझेल इंजिन ऑईलमध्ये साधारण १५ ते २५ टक्के भाग मिसळलेल्या द्रव्यांचा असतो, बाकीचे मूळ तेल. म्हणजे आपण डबा घेतो तेव्हा 'औषध' आधीच विकत घेतलेले असते.

यांतील काही द्रव्यांचा जन्मच ट्रॅक्टरच्या पोटी झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने शेती व मातीकामाच्या ट्रॅक्टरांना डिझेल इंजिने बसविली, तेव्हा पिस्टनच्या खाचांत डांबरासारखा थर साचून रिंगा चिकटू लागल्या. त्या काळचे शुद्ध खनिज तेल हा थर धुऊ शकत नव्हते. तेल कंपन्यांबरोबर प्रयोग करून तेलात साबणासारखे काम करणारे द्रव्य मिसळण्यात आले आणि रिंगा मोकळ्या राहू लागल्या. आज यालाच डिटर्जंट म्हणतात. ते पिस्टन स्वच्छ ठेवते आणि त्यातील अल्कली आम्लाला मारते.

दुसरे द्रव्य काजळी पसरवून धरणारे. काजळीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून ते प्रत्येक कणाला वेगळे धरून ठेवते. म्हणूनच चांगले डिझेल ऑईल थोड्याच तासांत काळे होते. काजळी पिस्टनवर न बसता तेलात आली, याची ती खूण आहे. काळे झाले म्हणून तेल बिघडले असे नव्हे.

तिसरे, जस्त व फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य. हे तेलात साधारण एक टक्का असते. जेथे भार फार आणि वेग कमी, उदाहरणार्थ कॅम व टॅपेट, तेथे तेलाचा थर टिकत नाही. तेथे हे द्रव्य उष्णतेने व दाबाने धातूवर काचेसारखा पातळ लेप तयार करते. लेप झिजतो व पुन्हा बनतो. याशिवाय गंज रोखणारी, फेस मारणारी व तेल आंबू न देणारी द्रव्ये असतात.

ही सगळी द्रव्ये एकमेकांशी जुळवून, इंजिनवर शेकडो तास चालवून, मगच प्रतीचे अक्षर मिळते. डिटर्जंट आणि झीजरोधक दोघेही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा धरू पाहतात. एक वाढविले तर दुसऱ्याला जागा कमी पडते. आमटीला मीठ बरोबर पडले असताना वरून मूठभर टाकल्याने ती अधिक रुचकर होत नाही, तसाच हा प्रकार.

बाटलीत काय असते?

वरून टाकायच्या बाटल्या ढोबळपणे चार तऱ्हेच्या दिसतात. काहींत टेफ्लॉनसारखे न चिकटणारे बारीक कण असतात. ते धातूवर बसण्याऐवजी ऑईल फिल्टरमध्ये अडकण्याचा धोका असतो. काहींत क्लोरिनयुक्त द्रव्ये असतात. दुकानात एका छोट्या यंत्रावर बेअरिंग घासून दाखवितात आणि बाटलीतले तेल टाकताच ते जाम होण्याचे थांबते, तो चमत्कार बहुधा याच द्रव्याचा. पण इंजिनात उष्णता आणि ओलावा असतो, तेथे क्लोरिनपासून आम्ल तयार होऊन बेअरिंग खाल्ले जाऊ शकते. काहींत मॉलिब्डेनमसारखे घन वंगण असते. ते मुळात निरुपयोगी नाही, ग्रीसमध्ये त्याचा उपयोग होतो, पण तयार ऑईलमध्ये आपल्या हाताने अंदाजे टाकायची ती वस्तू नव्हे. चौथी तऱ्हा नुसत्या दाट द्रवाची. 'धूर बंद, आवाज बंद' म्हणून जी विकली जाते ती ही. हिने तेल दाट होते, धूर काही काळ दबतो आणि झिजलेल्या इंजिनची तक्रार झाकली जाते. ट्रॅक्टर विकणाऱ्याला ती सोयीची, घेणाऱ्याला नव्हे. जुना ट्रॅक्टर घेताना ऑईल गार असतानाही मधासारखे ओघळत असेल तर संशय घ्यावा.

या दाव्यांची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत स्लिक ५० या नावाचे टेफ्लॉनयुक्त औषध फार खपत होते. इंजिनची झीज निम्म्याने कमी होते, अशा अर्थाच्या त्याच्या जाहिराती होत्या. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने या दाव्यांना पुरेसा आधार नाही असा आक्षेप घेतला आणि १९९७ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार पुराव्याशिवाय असे दावे करण्यास कंपनीला मनाई झाली. पुढच्या काही वर्षांत अशाच आणखी काही औषधांच्या जाहिरातींवर त्या संस्थेने कारवाई केली.

नव्याने बोअर केलेल्या इंजिनात तर बाटली मुळीच नको. नवीन रिंगा लायनरवर थोड्या घासूनच बसतात. ती बारीक घासण पहिल्या ४०-५० तासांत व्हावीच लागते. त्या वेळी अति निसरडे द्रव्य घातले तर लायनर गुळगुळीत चकचकीत होतो, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन जन्मापासून ऑईल खाते. नुसते रिकामे चालवूनही रिंगा बसत नाहीत. मध्यम भारावर काम द्यावे, आणि पहिले ऑईल साधारण ५० तासांनी फिल्टरसह बदलावे.

ट्रॅक्टरमध्ये तेलात बुडालेले ब्रेक असतील तर गिअरबॉक्समध्येही असली बाटली टाकू नये. ब्रेकला घर्षण हवेच असते.

खरे कारण : धूळ

दारव्हा तालुक्यातील एका शेतकऱ्याने मेळाव्यात तक्रार केली की प्रत्येक ऑईल बदलाबरोबर महागडी बाटली टाकूनही चार वर्षांत इंजिन बोअरला आले. ऑईल चांगले, बदल वेळेवर. ट्रॅक्टर पाहिला तेव्हा एअर क्लीनर आणि इंजिन यांना जोडणारी रबरी नळी खालच्या बाजूने तडकलेली होती. वरून पाहता ती धडधाकट दिसे. बोट घातले तर आत पावडरसारखी माती लागली. चार वर्षे इंजिन त्या भेगेतून न गाळलेली हवा ओढत होते. बाटलीने यात काय करावे?

इंजिन किती हवा ओढते याचा हिशेब एकदा करून पाहावा. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या, अडीच लिटर क्षमतेच्या इंजिनात मिनिटाला दोन हजार फेरे असताना तासाला सुमारे सव्वाशे घनमीटर हवा जाते. एक लिटर डिझेल जाळायला पंधरा ते वीस हजार लिटर हवा लागते असे म्हटले तरी चालेल. वारा मागून असताना रोटाव्हेटर चालविला किंवा मळणीयंत्र लावले, तर ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीच्या ढगात उभा असतो. अशा, डोळ्यांपुढचे दिसेनासे करणाऱ्या धुळीत घनमीटरला एक ग्रॅम धूळ धरली, तर तासाला सव्वाशे ग्रॅम आणि आठ तासांत एक किलो माती एअर क्लीनरच्या तोंडाशी येते. क्लीनरने शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग अडविले तरी वीस ग्रॅम आत जाणार. अन् नळीच तडकली असेल तर?

या धुळीत गारगोटीचे कण असतात. गारगोटी पोलादालाही ओरखडा पाडते. पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत घातक, कारण ते तेलाच्या थरात बरोबर मावतात. डोळ्यांना ते सुटे दिसतही नाहीत. मुरमाच्या रस्त्यांवर आणि वणी, मारेगाव, झरी-जामणी भागात कोळसा व चुनखडीच्या वाहतुकीमुळे पीक उभे असतानाही हवेत धूळ असते, हेही लक्षात घ्यावे.

तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असेल तर त्याचे खालचे भांडे धुळीच्या दिवसांत रोज, म्हणजे आठ-दहा तासांनी, काढून पाहावे. तळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा गाळ बसला असेल किंवा तेल चिखलासारखे झाले असेल तर ते फेकून, भांडे डिझेलने धुऊन, पुसून नवे तेल भरावे. इंजिनमधून काढलेले काळे तेल यात भरण्याची सवय वाईट. त्यात आधीच काजळी असते, धूळ धरण्याची ताकद कमी असते. तेल खुणेपर्यंतच भरावे. कमी भरले तर धूळ धुतली जात नाही. जास्त भरले तर इंजिन ते तेल ओढून घेते आणि कधी कधी डिझेल बंद करूनही इंजिन सुसाट पळत राहते. वरची तारेची जाळीही ठराविक काळाने डिझेलमध्ये खळबळून वाळवावी. ती पूर्ण निथळल्याशिवाय बसवू नये.

कागदी गाळणीचा क्लीनर असेल तर उलट सवय लावावी. ती पुन्हा पुन्हा काढू नये. प्रत्येक वेळी काढताना थोडी धूळ आत सांडते. धूळ दर्शविणारा काटा किंवा लाल खूण दिसली की मगच काढावी. टायरवर आपटून झाडू नये, कागदाची घडी फाटते. हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या दाबाने. आतली छोटी सुरक्षा गाळणी साफ करण्याची वस्तू नाही, ती ठरल्या वेळी बदलावी.

आणि नळ्या, क्लिपा. दर पंधरवड्याला हात फिरवून, वाकवून पाहाव्यात. एक सोपी तपासणी : इंजिन मंद चालू ठेवून एअर क्लीनरच्या तोंडावर जाड फळी किंवा रबरी तुकडा दाबावा. इंजिन काही क्षणांत गुदमरून बंद पडले तर जोड पक्के आहेत. चालूच राहिले तर ते कोठून तरी चोरून हवा ओढत आहे. तोंडावर उघडा तळहात मात्र ठेवू नये. बाटलीच्या पैशात नवी नळी आणि दोन क्लिपा बहुधा सहज येतात.

पंपाच्या इंजिनबाबत

विजेच्या मोटारी आल्या तरी पैनगंगा, अडाण, पूस, अरुणावतीच्या काठी पाच अश्वशक्तीची डिझेल इंजिने अजून चालतात. त्यांची दोन दुखणी वेगळी आहेत.

पहिले, अति थंड पाणी. विहिरीचे किंवा नदीचे पाणी इंजिनमधून सरळ जोरात सोडले की इंजिन गारच राहते. गार लायनरवर वाफेचे पाणी आणि आम्ल जमते आणि धूळ नसतानाही लायनर खाल्ला जातो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात जेमतेम धरवेल इतके ते गरम असावे. तोटी थोडी बंद करून हे साधते. इंजिन गार म्हणजे खुशीत, ही समजूत सोडावी.

दुसरे, पडून राहणे. पावसाळाभर इंजिन झाकून ठेवले आणि दिवाळीनंतर एकदम हँडल मारून चालू केले की पहिले फेरे कोरडे जातात. त्यापूर्वी ऑईल पाहावे, डिकॉम्प्रेशनचा खटका वर करून पंधरा-वीस फेरे हाताने द्यावेत, मग खटका सोडावा. ट्रॅक्टरही बरेच दिवस उभा असेल तर इंजिन बंद करायचा दांडा ओढून धरून स्टार्टर थोडा वेळ फिरवावा, मग चालू करावे. चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटे मंद ठेवून मग भार द्यावा. अर्धा-अर्धा तास विनाकाम मंद चालविणे मात्र नको, तेव्हा डिझेल पूर्ण जळत नाही आणि खाली ऑईलमध्ये उतरते.

मंद गतीच्या, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांच्या जुन्या इंजिनांत ऑईल पळीने उडविले जाते आणि फिल्टर बहुधा नसतो. आलेली घाण तेलातच फिरते. अशा इंजिनचे तेल ट्रॅक्टरपेक्षा लवकर बदलावे आणि चेंबरचा तळ चिंधीने नव्हे, स्वच्छ सुती कापडाने पुसावा. धागा सुटला तर तेलाचा मार्ग तुंबतो.

ऑईल केव्हा बदलावे?

बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात. हे साधारण परिस्थितीसाठी. सतत रोटाव्हेटर व मळणीचे काम असेल तर ते निम्म्यावर आणावे. ऑईलबरोबर फिल्टर बदललाच पाहिजे. जुना ठेवला तर नवे तेल पहिल्याच दिवशी जुन्या घाणीतून फिरते. तास मोजताना एक गोष्ट : जुन्या ट्रॅक्टरांचा तासमापक इंजिनच्या ठराविक फेऱ्यांवर बरोबर चालतो, मंद गतीत तो कमी तास दाखवितो. गोठ्याच्या भिंतीवर किंवा वहीत तारीख व तास लिहून ठेवणे उत्तम.

पूर्वी डिझेलमध्ये गंधक खूप असे, त्याचे आम्ल होई आणि तेलातील अल्कली लवकर संपे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग असते. आम्लाचा त्रास त्यामुळे बराच घटला, धूळ तेवढीच राहिली. कमी गंधकाचे डिझेल कोरडे असते म्हणून त्यात टू-टी ऑईल टाकावे, असा सल्ला काही जण देतात. डिझेलचा निसरडेपणाही प्रमाणात ठरलेला आहे आणि तो कारखान्यातच राखला जातो, टू-टी नको. रॉकेलची भेसळ मात्र पंप व नोझल दोन्ही बिघडविते.

तेलाची घरगुती तपासणी अशी करता येते. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरील एक थेंब टीपकागदावर टाकावा. कागद पेल्याच्या काठावर आडवा ठेवून काही तास तसाच राहू द्यावा. डाग मधून बाहेर एकसारखा करडा पसरला तर तेलात अजून जोर आहे. मध्ये गडद काळा ठिपका आणि त्याला तीक्ष्ण कड आली तर काजळी धरण्याची शक्ती संपली, तेल बदलावे. काळ्याभोवती रुंद, फिका, तेलकट कडा दिसल्या तर डिझेल मिसळत आहे, नोझल व पंप तपासावा. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यावर एकच थेंब दुरून टाकावा. तडतडला तर पाणी आहे. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, डिझेल किंवा पाणी आत येत आहे. ट्रॅक्टर तेथेच थांबवावा.

ऑईल गरम असताना, सपाट जागी उभे करून सोडावे. आतून धुण्यासाठी रॉकेल घालून इंजिन चालवू नये. ते बेअरिंगला कोरडे पाडते आणि थोडे आतच राहून नवे तेल पातळ करते.

खरेदी

बाजाराच्या दिवशी ड्रममधून सुटे मिळणारे तेल कोणत्याही भावाने महाग. वापरलेले तेल गाळून, रंग देऊन विकले जाते आणि नामांकित कंपनीच्या डब्यातही ते भरलेले सापडते. डब्याचे सील, तुकडी क्रमांक व तारीख पाहावी, पक्के बिल घ्यावे आणि रिकामा झालेला डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. एका प्रतीचे चांगल्या कंपनीचे तेल निवडून तेच चालू ठेवावे. अडचणीत दुसऱ्या कंपनीचे, पण त्याच प्रतीचे व नंबरचे तेल भर म्हणून घातले तर इंजिन बिघडत नाही.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा वावरात ओतू नये. त्यात धातूचे कण आणि कातडीला अपायकारक द्रव्ये असतात. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे, आणि ऑईल बदलल्यावर हात नुसत्या मातीने न घासता साबणाने धुवावेत.